बिअरनिर्मितीसाठीचा घरगुती प्लॅस्टिक बॉयलर

बिअरनिर्मितीसाठीचा घरगुती प्लॅस्टिक बॉयलर म्हणजे प्लॅस्टिकच्या मोठ्या बादलीला विजेच्या किटलीचे एलिमेंट व तळाशी नळ बसवून हौशी बिअर बनवणाऱ्यांनी स्वतः तयार केलेले उकळण्याचे भांडे होय. ही बादली साधारणपणे २५ ते ३३ लिटरची असते. अशी भांडी प्रामुख्याने ब्रिटनमध्ये, आणि त्याखालोखाल ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडसारख्या २३० ते २४० व्होल्ट वीजदाब असलेल्या देशांत वापरात आहेत. कमी खर्चात तयार होत असल्याने ती लोकप्रिय झाली. उकळता द्रव, वीज आणि उष्णतेने नरम होणारे भांडे या तीन गोष्टी त्यात एकत्र येतात, त्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेविषयी सतत चर्चा होत आली आहे. या चर्चेचा भर बहुधा 'बादली वितळेल का' या प्रश्नावर असतो. प्रत्यक्षात बादली वितळण्यापेक्षा गंभीर असे धोके अन्यत्र आहेत.

उकळण्याचे प्रयोजन

मोड आणून वाळवलेल्या सातूला, म्हणजेच माल्टला, सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर भिजवले असता त्यातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर होते. या गोड काढ्याला वॉर्ट म्हणतात. वॉर्ट गाळून घेऊन त्यात हॉप्सची फुले घालून तो साधारणपणे ६० ते ९० मिनिटे खळखळून उकळतात. त्यामुळे वॉर्टमधील जंतू नष्ट होतात, हॉप्समधील कडवट द्रव्ये विरघळतात, प्रथिने साखळून खाली बसतात आणि काही नकोशी गंधद्रव्ये वाफेबरोबर निघून जातात. शेवटच्या कारणासाठी भांडे उघडे ठेवावे लागते. पुढील किण्वनाची क्रिया वॉर्ट थंड केल्यानंतर होते. तिचा बॉयलरशी संबंध नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पाणी उकळले की किटली बंद होते. वॉर्ट मात्र उकळल्यानंतर तास-दीड तास तसाच उकळत ठेवायचा असतो. किटलीचे एलिमेंट काही मिनिटांच्या कामासाठी बनवलेले असते. तेच येथे एका बैठकीत दोन-अडीच तास सलग चालते.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर बनवण्यास परवाना आवश्यक ठरला होता. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला आणि स्वतःच्या वापरापुरती बिअर घरी बनवणे मोकळे झाले. अमेरिकेत अशी मोकळीक १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने मिळाली. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये या छंदाचा मोठा प्रसार झाला. एलिमेंट आणि थर्मोस्टॅट असलेले 'ब्रूहीट' नावाचे प्लॅस्टिकचे भांडे तयार स्वरूपात विकले जाऊ लागले आणि त्याच धर्तीवर स्वतः भांडे बनवण्याची प्रथाही रुजली. पुढे दुकानांत अत्यंत स्वस्त प्लॅस्टिक किटल्या मिळू लागल्या, तेव्हा दोन किटल्या मोडून त्यांची एलिमेंटे एका बादलीला बसवणे ही सर्वांत सोपी वाट ठरली.

उकळण्याच्या भांड्याला ब्रिटिश मद्यशाळांत आजही 'कॉपर', म्हणजे तांबे, असेच म्हणतात. ते भांडे पूर्वी तांब्याचेच असे. आपल्याकडील न्हाणीघरातल्या बंबाशी त्याचे नाते जवळचे आहे. तांब्याचा बंब तापतो, काळवंडतो, पण नरम पडत नाही. प्लॅस्टिकच्या भांड्याबाबत हा भरवसा गृहीत धरता येत नाही.

प्लॅस्टिकचे उष्णतेतील वर्तन

सर्व प्लॅस्टिक सारखे नसते आणि बादलीच्या तळावरील त्रिकोणातील अंक येथे खरोखर उपयोगी पडतो. २ हा अंक उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा आणि ५ हा पॉलिप्रोपिलीनचा. पॉलिएथिलीन सुमारे १२० ते १३५ अंशांना, तर पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० ते १६५ अंशांना वितळते. वॉर्टमध्ये शर्करा असली तरी त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा नाममात्रच अधिक असतो. म्हणून जोवर भांड्यात द्रव आहे, तोवर द्रवाला लागून असलेली भिंत १०० अंशांच्या फारशी वर जाऊ शकत नाही. 'बादली वितळत नाही' असे जे सांगितले जाते त्याचा आधार हाच, आणि तेवढ्यापुरते ते खरे आहे.

परंतु प्लॅस्टिकची ताकद वितळबिंदूपर्यंत टिकून मग एकाएकी नाहीशी होत नाही. ती तापमानाबरोबर सतत घटत जाते. पॉलिएथिलीन ७०-८० अंशांपासूनच लक्षणीय नरम होऊ लागते. पॉलिप्रोपिलीन उकळत्या तापमानाला बराच अधिक ताठपणा राखते. नरम झालेल्या भिंतीवर भार कायम राहिला तर ती हळूहळू ताणली जाते आणि थंड झाल्यावर पूर्ववत होत नाही. अनेकदा वापरलेल्या बादलीचे पोट फुगलेले आणि तळ खाली आलेला दिसतो, तो यामुळे. पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी ही प्लॅस्टिके सुमारे ७० ते ८० अंशांनाच आकार सोडतात. उकळण्यासाठी ती सर्वस्वी निरुपयोगी आहेत. अंक नसलेली, किंवा रंगकामाची व रसायनांची रिकामी बादली वापरणे हे दोन्ही कारणांनी, ताकदीच्या आणि आरोग्याच्या, अयोग्य होय.

भिंतीवर भार किती येतो, याचे गणित अवघड नाही. ३० सेंटिमीटर व्यासाच्या बादलीत २५ लिटर द्रव सुमारे ३५ सेंटिमीटर उंच उभा राहतो. तळाजवळ त्याचा दाब साडेतीन किलोपास्कलच्या आत असतो. भिंत २ मिलिमीटर जाडीची असेल, तर तिच्यातील घेराच्या दिशेचा ताण सुमारे पाव मेगापास्कल होतो. प्लॅस्टिक किती उष्णतेत वाकते हे तपासण्याच्या प्रचलित चाचणीत ०.४५ मेगापास्कल ताण देतात. त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक असा हा ताण आहे. अखंड बादली उकळत्या द्रवाने सहसा फुटत नाही, ती या कारणाने. मात्र भिंतीला गोल भोक पाडले की त्याच्या कडेवरचा ताण मूळ ताणाच्या सुमारे तिप्पट होतो. घरगुती बॉयलरला एलिमेंटसाठी सुमारे ४ सेंटिमीटरची एक किंवा दोन भोके आणि नळासाठी आणखी एक भोक असते, आणि ही सर्व तळाजवळ, म्हणजे जेथे दाब सर्वाधिक तेथेच, पाडावी लागतात. भोकाची कड खरबरीत राहिली, सुरीने कापून ती वेडीवाकडी झाली किंवा दोन भोके फार जवळ आली, तर तेथूनच चीर सुरू होते.

एलिमेंटचे बूड जेथे भिंतीला टेकते ती जागा सर्वांत नाजूक. ही जागा द्रवापेक्षा अधिक तापू शकते. शिवाय रबरी वॉशर आवळला जाऊन प्लॅस्टिकवर कायमचा दाब असतो. तापताना प्लॅस्टिक धातूपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते आणि निवताना आकसते, त्यामुळे दर वापरागणिक जोड किंचित सैल होतो. गार पाण्याने तपासलेला जोड उकळताना गळू लागतो तो याचमुळे. नवे भांडे प्रथम केवळ पाण्याने, पूर्ण भरून आणि पूर्ण वेळ उकळून पाहण्याची पद्धत या क्षेत्रात आहे आणि ती योग्यच आहे.

वारंवार तापल्याने प्लॅस्टिकमधील संरक्षक द्रव्ये संपत जातात आणि ते ठिसूळ होते. पॉलिएथिलीनला ताण असलेल्या जागी साबण व डिटर्जंटच्या संपर्काने बारीक भेगा पडतात. बॉयलर दर वेळी घासून धुतला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे बादली ही काही वापरांनंतर बदलावयाची वस्तू आहे, हे स्पष्ट होते. भोकाभोवती पांढुरके वलय, तपकिरी डाग किंवा नखाला जाणवणारी रेघ दिसली की ती बादली उकळण्याच्या कामातून काढून टाकावी.

विजेचे धोके

स्टीलच्या भांड्याला अर्थिंग करता येते. प्लॅस्टिक विद्युत्-निरोधक असल्याने त्याला करता येत नाही. यावरून प्लॅस्टिकचे भांडे अधिक सुरक्षित, असा एक गोड गैरसमज पसरलेला आहे. एलिमेंटचे बाह्य आवरण गंजून किंवा तडकून आतील तारेचा द्रवाशी संबंध आला, तर वॉर्टमध्येच वीज उतरते. आवरणाला अर्थिंग असेल तर प्रवाह तिकडे वळतो आणि संरक्षक साधन वीज तोडते. अर्थिंग नसेल तर बाहेरून काहीच कळत नाही. भांडे निरोधक असल्याने हात लावूनही झटका बसत नाही. झटका बसतो तो धातूच्या पळीने ढवळताना किंवा धातूचा नळ उघडताना. म्हणून एलिमेंटच्या आवरणाला अर्थिंग असणे अनिवार्य आहे आणि नळ धातूचा असल्यास त्यालाही ते जोडले पाहिजे.

याच्या जोडीला ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे साधन लागते. भारतात ते आरसीसीबी किंवा जुन्या सवयीने ईएलसीबी या नावाने ओळखले जाते. साधा फ्यूज हे काम करू शकत नाही. ब्रिटनमधील प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज असतो. माणसाचा जीव घेण्यास त्याच्या शतांशाहूनही कमी प्रवाह पुरतो. फ्यूज वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

जोडणीचा प्रश्न त्याहून दुर्लक्षित आहे. २.४ किलोवॅटचे एलिमेंट २४० व्होल्टला १० अँपिअर आणि २३० व्होल्टच्या हिशेबाने त्याहून थोडा अधिक प्रवाह घेते. किटलीची आणि संगणकाची वायर दिसायला जवळजवळ सारखी असते. संगणकाचा जोडक ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असतो. किटलीचा, ज्याच्या पुढच्या बाजूस एक खाच असते, तो १२० अंशांसाठी. दोन्हींची प्रमाणित क्षमता १० अँपिअर आहे. ती खाच असण्याचे कारणच हे की, संगणकाची वायर किटलीला चुकूनही बसू नये. घरगुती बॉयलर बनवताना काहीजण जोडकातील उंचवटा कापून हा अडथळा दूर करतात. दोन तास सलग पूर्ण प्रवाह वाहिल्यावर असा जोडक काळा पडतो, वितळतो आणि क्वचित पेटतो. दोन एलिमेंटे असतील तर एकूण प्रवाह २० अँपिअरच्या वर जातो. ती एकाच जोड-सॉकेटात किंवा गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन वायरीवर लावणे धोक्याचे आहे. वायर गुंडाळलेली असताना तिची उष्णता बाहेर जाऊ शकत नाही.

जोडकाची जागा तळाजवळ असल्याने वरून ओघळणारा प्रत्येक थेंब त्यावरच येतो. जोडकावर आडोसा करणे आणि वायरीला खाली झोळ देणे, म्हणजे थेंब सॉकेटकडे न जाता झोळातून खाली पडतील, हे दोन्ही उपाय साधे आणि परिणामकारक आहेत.

स्वयंचलित खंडक आणि कोरडे एलिमेंट

किटलीच्या एलिमेंटमागे दोन धातूंच्या पट्टीचा एक खंडक असतो. पाणी संपून एलिमेंट कोरडे पडले की पट्टी वाकते व वीज बंद होते. बॉयलरमध्ये हा खंडक अनेकदा मध्येच काम थांबवतो. वॉर्टमधील साखळलेली प्रथिने आणि शर्करा एलिमेंटवर जळून त्यांचा थर बसतो, त्यामुळे उष्णता द्रवात न जाता मागे साठते आणि खंडक आपले नेमून दिलेले काम करतो. उकळणे अर्ध्यात थांबल्याने त्रासलेले हौशी लोक मग खंडकाला वळसा देऊन तारा थेट जोडतात.

घरगुती बॉयलरमधील ही सर्वांत घातक फेरफार म्हणावी लागेल. खंडक नसताना भांडे रिकामे होत आले आणि बटण चालूच राहिले, तर उघडे पडलेले एलिमेंट काही क्षणांत लालबुंद होते. तेव्हा १०० अंशांची मर्यादा उरत नाही, कारण ती मर्यादा द्रव घालून देत होता. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन ही दोन्ही ज्वलनशील आहेत. वितळून जळताना त्यांचे पेटते थेंब खाली पडतात. नळाने वॉर्ट काढून घेण्याच्या वेळी हा प्रसंग येण्याची शक्यता अधिक. खंडक पुनःपुन्हा पडत असेल तर त्याचा अर्थ एलिमेंट घासून स्वच्छ करण्याची गरज आहे, असा घ्यावा.

उकळताना द्रवाची पातळीही घटत असते. २.४ किलोवॅटची सर्व उष्णता बाष्पीभवनास लागली, तर तासाला पावणेचार ते चार लिटरांच्या दरम्यान पाणी उडून जाते; प्रत्यक्षात भांड्याबाहेर जाणाऱ्या उष्णतेमुळे ते कमी असते. एवढी वाफ बंद स्वयंपाकघरात साठली की भिंती, फर्निचर आणि विजेचे बोर्डही ओले होतात. त्यामुळे खिडकी उघडी असणे केवळ सोयीचे नाही.

पोळण्याचा धोका

घडणाऱ्या अपघातांचा विचार केला तर विजेपेक्षा उकळत्या द्रवाचे भय मोठे आहे. ६० अंशांच्या पाण्याने सुमारे ५ सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. ७० अंशांना पूर्ण सेकंदही लागत नाही. येथे १०० अंशांचा २५ लिटर द्रव आहे. वॉर्टमधील शर्करेचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असल्याने तो पाकासारखा चिकटत नाही, पण कपड्यांत मुरतो आणि तेथे धरून राहतो.

वॉर्ट उकळू लागताना प्रथिनांचा जाड फेस वर येतो आणि क्षणात उतू जातो. दूध उतू जाण्याचा अनुभव असलेल्यांना याची कल्पना येईल. फरक एवढाच की येथे भांडे कमरेइतक्या उंचीवर असते. हॉप्स टाकताच फेस पुन्हा उसळतो. म्हणून भांड्याचा वरचा किमान पाचवा भाग रिकामा ठेवतात आणि हॉप्स थोडे थोडे टाकतात. गरम बादली कडीला धरून उचलणे कटाक्षाने टाळले पाहिजे. कडीच्या खोबणी गार वजनासाठी असतात. नरम झालेल्या कडांतून त्या निसटतात. भांडे रिकामे असतानाच सपाट, भक्कम आणि संपूर्ण तळाला आधार देणाऱ्या जागी ठेवावे, आणि वॉर्ट निवेपर्यंत हलवू नये. लहान मुले व पाळीव प्राणी त्या खोलीत नसावेत.

पोळल्यास त्या भागावर किमान २० मिनिटे गार, परंतु बर्फाळ नव्हे, असे वाहते पाणी धरावे. अंगठ्या, बांगड्या आणि त्वचेला न चिकटलेले कपडे काढावेत. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. आपल्याकडे या उपचारांवर अजून मोठी श्रद्धा आहे. त्यांनी उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही.

अन्नसंपर्काचा प्रश्न

'अन्नासाठी योग्य' हा शिक्का बहुधा सामान्य तापमानाच्या साठवणीसाठी असतो. त्याच भांड्यात उकळत्या, किंचित आम्ल द्रवाने दोन तास राहणे ही वेगळी परिस्थिती आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या १० क्रमांकाच्या नियमावलीनुसार प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा प्रति चौरस डेसिमीटर १० मिलिग्रॅम आहे, आणि चाचणी अपेक्षित वापराच्या तापमानाला व कालावधीला अनुसरून करावयाची असते. भारतात अन्नसंपर्कातील पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६ आणि पॉलिप्रोपिलीनसाठी आयएस १०९१० ही मानके आहेत. बिस्फेनॉल-ए या बहुचर्चित रसायनाचा संबंध पॉलिकार्बोनेटशी आहे. वरील दोन प्लॅस्टिकांच्या निर्मितीत ते लागत नाही. रंगीत आणि पुनर्वापरातून बनवलेल्या बादल्यांत मात्र काय मिसळले आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो.

टॉन्टन येथील दुर्घटना

उकळते पाणी आणि प्लॅस्टिक यांच्या संबंधात ब्रिटनमध्ये सर्वाधिक गाजलेली घटना बिअरशी निगडित नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सॉमरसेट परगण्यातील टॉन्टन येथे एका घरात पाणी तापवण्याच्या टाकीतील थर्मोस्टॅट बिघडला. पाणी उकळत राहिले आणि नळीवाटे माळ्यावरील थंड पाण्याच्या प्लॅस्टिक टाकीत जात राहिले. ती टाकी गरम पाण्यासाठी नव्हती. नरम होऊन ती कोसळली आणि खालच्या खोलीत झोपलेले तान्हे मूल मरण पावले. थर्मोस्टॅट बिघडला तरी वीज तोडणारा दुसरा, स्वतंत्र खंडक असणे आणि टाकीला संपूर्ण तळाखाली आधार असणे, या दोन गोष्टींचे महत्त्व त्या घटनेने ठळक झाले. घरगुती बॉयलरमध्ये नेमक्या याच दोन गोष्टींची हेळसांड होते.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्यात घरगुती बिअरचाही समावेश होतो. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी भाषकांना तेथील कायदा लागू होतो. तथापि घरी बिअर बनवण्याची मोकळीक म्हणजे ऊर्ध्वपातनाची मोकळीक नव्हे. ब्रिटनमध्ये दारू गाळण्यास परवाना लागतो. अल्कोहोलची वाफ पेट घेणारी असल्याने प्लॅस्टिकच्या बॉयलरमध्ये असा प्रयोग करणे आगीस आमंत्रण आहे.

बिअरचा संबंध नसतानाही प्लॅस्टिकची बादली आणि विजेचे एलिमेंट ही जोडी महाराष्ट्रातील असंख्य घरांत रोज पहाटे एकत्र येते. आंघोळीचे पाणी तापवण्याची इमर्शन रॉड हीच ती. वर वर्णिलेले बहुतेक धोके तिला जसेच्या तसे लागू पडतात: बादलीच्या भिंतीला टेकलेली रॉड भिंत वितळवते, पाणी कमी असताना ती कोरडी पडते, आणि बटण बंद न करता पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय जीवघेणी ठरते. या रॉडसाठी आयएस ३६८ हे भारतीय मानक आहे. तिला तीन पिनांचा प्लग असतो, परंतु जुन्या घरांतील सॉकेटाची तिसरी पिन अर्थिंगला जोडलेली असतेच असे नाही. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे लागते.

पर्याय

स्टेनलेस स्टीलचे भांडे नरम होत नाही आणि त्याला अर्थिंग करता येते. ब्रिटनमध्ये स्टीलची, थर्मोस्टॅट व खंडक असलेली तयार विद्युत् भांडी आता सहज मिळतात आणि प्लॅस्टिकच्या बादलीचा वापर किण्वनापुरता, म्हणजे २० अंशांच्या आसपासच्या कामापुरता, ठेवण्याकडे कल आहे. गॅसच्या शेगडीवर स्टीलचे पातेले ठेवणे हाही मार्ग आहे, पण बंद खोलीत मोठी शेगडी दोन तास जाळल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका उद्भवतो. अशी शेगडी उघड्यावर वापरतात. प्लॅस्टिकचा बॉयलरच वापरायचा असल्यास पॉलिप्रोपिलीनची बादली, अर्थिंग केलेले एलिमेंट, शाबूत खंडक, ३० मिलिअँपिअरचे संरक्षण आणि उकळणे संपेपर्यंत तेथे हजर असलेला माणूस, इतक्या गोष्टी किमान आवश्यक मानल्या जातात.